मदत हवी आहे: पिल्लू पिंजऱ्यातच सू करून राहिलं, लवकर सांगा

त्रस्त_मनीषनगर
पिल्लू आणलं आहे. घरभर सू करतं म्हणून पिंजरा घेतला, कारण जिथे बघावं तिथे लिहिलेलं की कुत्रं झोपायच्या जागी घाण करत नाही. आमचं करतं. त्यातच करतं, त्यावरच लोळतं आणि मग बाहेर काढा म्हणून कोकलतं. घरमालकीण काकू खालीच राहतात, आज जिन्यात अडवून विचारलं रात्री कोण रडतं म्हणून. पेपर टाकून झाले, रागावून झालं. कृपया 'प्रेम द्या' सांगू नका, प्रेम भरपूर आहे. नेमकं काय करायचं तेवढं सांगा.

तर्री_एक्स्ट्रा
जात कोणती? वय किती? नर की मादी? लसी झाल्या का?

त्रस्त_मनीषनगर
छोटी जात आहे. आणि पिल्लू आहे म्हटलं ना, म्हणजे वय कमीच असणार. त्याचा काय संबंध?

तर्री_एक्स्ट्रा
भाऊ, सगळा संबंध त्याचाच आहे. तीन महिन्यांचं पिल्लू दिवसा जेमतेम तीन-चार तास रोखू शकतं. अंदाज असा की जितके महिने वय, तितके तास आणि वर एक. छोट्या जातीचं मूत्राशयही छोटं, त्यामुळे त्यांचा हिशोब आणखी कमी धरायचा. तुम्ही सहा तास कोंडून ठेवत असाल तर ते बिचारं करणार काय?

काकाजी_वर्धारोड
आमच्याकडे मोती होता. त्यानं जन्मात पिंजरा पाह्यला नाही. आंगणात राहे, रात्रभर भुके, चोर तं सोडा, पाव्हणे येत नव्हते. घरात केली की नाक घासाचं त्याच्यातच आन् बाहेर नेऊन सोडाचं. एका हप्त्यात शिकला. हे पिंजरे-बिंजरे आता निघाले.

शेपूट_समिती
काकाजी, मोतीला आंगण होतं म्हणून तो शिकला, नाक घासून नाही. मघाशी केलेल्या सूचा आणि आत्ताच्या रागाचा मेळ पिल्लाला लागत नाही. त्याला कळतं ते एवढंच की माणसासमोर करायची नाही. मग ते दिवाणाखाली जाऊन करतं, आणि बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही. घरी येऊन करतं. मग लोक इथे येऊन लिहितात की तासभर फिरवलं तरी केली नाही.

काकाजी_वर्धारोड
तुमी डॉक्टर आहात का?

शेपूट_समिती
नाही. तुम्ही आहात का?

त्रस्त_मनीषनगर
भांडण नंतर करा ना जी. शिह त्झू आहे, नर, अडीच महिन्यांचा. लस एक झाली. पिंजरा छोटा वगैरे नाही, चांगला मोठा आहे, आतेभावाच्या लॅब्राडोरचा. बिचाऱ्याला मोकळं वाटावं म्हणून मुद्दाम तोच आणला.

बेसा_रिटर्न्स
मिळालं उत्तर. लॅब्राडोरच्या पिंजऱ्यात शिह त्झू म्हणजे त्याला हॉल आणि संडास दोन्ही मिळाले. एका कोपऱ्यात झोपायचं, दुसऱ्यात करायचं. पिंजरा एवढाच हवा की उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल. नवीन घेऊ नका, मधे प्लायची फळी घट्ट बसवा आणि वाढेल तशी मागे सरकवा. फळीच्या कडा घासून घ्या, ते चावणारच.

पुणेरी_पंजा
आमच्या सोसायटीत आम्ही दर दोन तासांनी खाली बागेत नेत होतो. पिंजऱ्याची गरजच पडली नाही. शिस्त हवी, बस.

तर्री_एक्स्ट्रा
नागपूरच्या मे महिन्यात, दुपारी दोनला, बागेत? डांबरावर आपली चप्पल चिकटते, त्याचे तळवे सोलून निघतील. वर लस एकच झालेली. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा आजार, त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. साधारण सोळा आठवड्यांपर्यंत लसींचे डोस चालतात, तोवर जिथे रस्त्यावरची कुत्री फिरतात तिथे जमिनीवर ठेवायचंच नाही. कडेवर घेऊन खुशाल फिरवा.

संत्रानगरी_११
रस्त्यावरच्या कुत्र्यांचं नाव निघालंच आहे तर, आमच्या गल्लीत त्यांना रोज भात घालणारे आहेत, त्यांचं काय करायचं? 2022 मध्ये हायकोर्टाच्या आपल्या नागपूर खंडपीठानं सार्वजनिक जागी खाऊ घालायला बंदी केली होती ना?

शेपूट_समिती
केली होती. ज्यांना खाऊ घालायचं त्यांनी दत्तक घ्यावं, असंही म्हटलं होतं. त्यावर सुप्रीम कोर्टानं त्याच वर्षी स्थगिती दिली. आणि भात घालणाऱ्यांमुळेच ती कुत्री नसबंदीसाठी हाती लागतात, हेही लिहा.

संत्रानगरी_११
हाती लागतात म्हणे. माझ्या पोटरीला लागले त्यांचे दात.

बेसा_रिटर्न्स
तुम्ही दोघं वेगळा धागा काढा. त्रस्तभाऊ, महत्त्वाचं विचारायचं राहिलं. पिल्लू आणलं कुठून? आणि दिवसभर घरी कोण असतं?

त्रस्त_मनीषनगर
एका ब्रीडरकडून. नाव विचारू नका. तिथे सगळी पिल्लं जाळीच्या पिंजऱ्यात होती, खाली पेपर. स्वच्छ वाटलं, रोज पेपर बदलत होते. घरी आई असते पण तिचे गुडघे दुखतात, जिना उतरत नाही. मी मिहानला नोकरीला, सकाळी साडेआठला निघतो, संध्याकाळी सात. आता हे सगळं कशाला लागते?

शेपूट_समिती
कशाला म्हणजे? हीच तर गाठ आहे. कुत्रं झोपायच्या जागी घाण करत नाही, हे आईजवळ मोकळ्या जागेत वाढलेल्या पिल्लाला लागू. तिथे ती डोळे उघडल्यावर आपणच चार पावलं लांब जाऊन करायला लागतात. तुमचं पिल्लू जन्मल्यापासून पिंजऱ्यातच खात-झोपत आलं आणि पेपरवरच करत आलं. त्याच्या लेखी जाळी आणि पायाखाली पेपर म्हणजे करायची जागा. तुम्ही पिंजरा आणला, आत पेपर घातला. त्यानं बरोबर केलं! फळी टाकून निम्मं काम होईल, निम्मं नाही. आधी पेपर बंद. पिंजऱ्यात धुता येईल असं पातळ कापड घाला आणि करायच्या जागेला पायाला अगदी वेगळं लागेल असं काहीतरी ठेवा. गॅलरीत कडा असलेल्या ट्रेमध्ये लॉनचा तुकडा सगळ्यात उत्तम. उठलं की ट्रेवर, खाल्लं की पाचदहा मिनिटांनी ट्रेवर, खेळून झालं की ट्रेवर. उचलून न्या, चालत आलं तर वाटेतच करेल. केली की तिथल्या तिथे खाऊ द्या, आत येऊन नाही.

त्रस्त_मनीषनगर
हे पहिलं उपयोगाचं उत्तर. पण साडेआठ ते सात कोण उचलणार? आई खाली वाकू शकत नाही.

शेपूट_समिती
मग त्या वेळात पिंजरा बंद करायचाच नाही. घडीचं जाळीचं कुंपण मिळतं, ते गोल लावा. एका टोकाला उघडा पिंजरा, दुसऱ्या टोकाला ट्रे, मधे पाणी. आईनं खुर्चीवर बसून लक्ष ठेवलं तरी पुरे. दुपारी अर्धा तास कोणी पोरगा येऊन गेला तर फारच छान. पिंजरा बंद फक्त रात्री आणि तुम्ही घरी असताना थोडा थोडा वेळ.

काकाजी_वर्धारोड
मंजे पिंजरा उघडाच ठेवाचा तं घेतला काहून?

बेसा_रिटर्न्स
काकाजी, पॉइंट बरोबर आहे तुमचा, पण थांबा जरा. रात्री रडायचं उत्तर सांगतो. पिंजरा हॉलमध्ये असेल तर तुमच्या पलंगाजवळ आणा. आईपासून नुकतं तुटलेलं पिल्लू एकटं कसं झोपेल? मध्यरात्री कुरकुरलं तर दिवे न लावता, न बोलता ट्रेवर न्या आणि परत ठेवा. गप्पा मारल्या तर रोज रात्री तुम्हाला उठवेल.

उन्हाळी_ड्युटी
पिंजरा ठेवला कुठे आहे हे कोणी विचारलंच नाही.

त्रस्त_मनीषनगर
कूलरसमोर. हवा लागावी म्हणून.

उन्हाळी_ड्युटी
आजच हलवा. लोखंडी कूलर, खाली ओली फरशी, वर लोखंडी पिंजरा आणि पिल्लाला वायर चावायची सवय. दर उन्हाळ्यात कूलरच्या करंटच्या बातम्या येतातच. हवा पोचेल पण वायर, पाणी आणि लोखंड एकमेकांना लागणार नाही अशा बाजूला ठेवा. गॅलरीत किंवा गच्चीवर पिंजरा नकोच. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग थंड करणं नीट जमत नाही, आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो.

पुणेरी_पंजा
सू कमी करायची तर संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. साधा उपाय.

उन्हाळी_ड्युटी
पुण्यात करा. इथे मे महिन्यात एवढ्याशा पिल्लाचं पाणी तोडलं तर सू थांबायच्या आधी दवाखाना लागेल. फार तर झोपायच्या तासभर आधी वाटी उचला, तीही खोली थंड असेल तर.

शिह_त्झूची_मावशी
उन्हाळा आहे म्हणून केस पूर्ण भादरू नका हं! कातडीला ऊन लागतं. डोळ्यांसमोरचे बांधा, पोटाखालचे बारीक करा. आणि कान आठवड्यातून एकदा बघा.

त्रस्त_मनीषनगर
मावशी, केसांचं विचारलंच नव्हतं, पण ठीक आहे. एक अजून. झाडूपोछा झाला की ते परत त्याच टाइलवर करतं. फिनाइल टाकतो रोज, तरी.

तर्री_एक्स्ट्रा
फिनाइलनं आपल्याला वास जातो, त्याला जात नाही. शिवाय ते ओली फरशी चाटतं, पोटात जाईल. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं पाळीव प्राण्यांच्या दुकानात, ते टाकून थोडा वेळ तसंच राहू द्या, मग पुसा. तोवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी, पण फरशी संगमरवरी असेल तर नको, डाग पडतात. ब्लीच तर सूवर अजिबात ओतू नका, वाफ घशाला लागते. आणि हे बघा की एका वेळी थेंब थेंब, दर पंधरावीस मिनिटांनी, जोर लावून करतो का? रक्त दिसतं का? तसं असेल तर हे शिकवण्याचं प्रकरण नाही, इन्फेक्शन असू शकतं. सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजचा दवाखाना आहे, तिथे दाखवा.

त्रस्त_मनीषनगर
नाही, भरपूर करतो, थेंब थेंब नाही. लॉनचा तुकडा नर्सरीतून आणला. आईनं खाटेवरून हुकूम सोडायचं काम घेतलं आहे, शेजारचा पोरगा दुपारी येतो म्हणाला. ट्रेवर एकदा केली, एकदा लॉनच उपटून खाल्लं. लॉन खाल्लं तर चालतं का? आणि घरमालकीण काकू म्हणतात कुत्रा ठेवायचा तर भाडं वाढवू.

संत्रानगरी_११
सोसायटीला कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना आहेत 2015 च्या.

बेसा_रिटर्न्स
ते सोसायटीचं. हे भाड्याचं घर आहे, करारात काय लिहिलं ते वाचा. काकूंना आधी संत्रा बर्फी न्या. दोनचार पानं खाल्ली तर चालतं, पण नर्सरीवाल्याला विचारा औषध फवारलं होतं का. फवारलं असेल तर तो तुकडा काढाच.

त्रस्त_मनीषनगर
फवारलं होतं म्हणतो, मागच्या आठवड्यात. काढला. आता ट्रेमध्ये काय घालू?

गिट्टीखदान_टायगर
नमस्कार, लॅब्राडोरचा पिंजरा विकायचा असेल तर किंमत सांगा. मांजरीसाठी पाहिजे.