सनद (वकिलीचा परवाना) नसताना वकील म्हणून फी घेतली, हा गुन्हा होतो का? मदत हवी आहे

माझ्या मावशीचा दिरांशी शेतजमिनीच्या वाटपावरून वाद आहे. काका गेल्यापासून सगळं तिलाच बघावं लागतं. तालुका कोर्टाच्या आवारात भेटलेल्या एका गृहस्थांनी "दावा लावून देतो" म्हणून फी घेतली, काही रोख, काही यूपीआयवर. काळा कोट, बँड, लेटरहेडवर 'ॲडव्होकेट'. दाव्याचा नंबर विचारला की "तारीख पडली" एवढंच उत्तर. आता तिथल्याच वकिलांकडून कळलं की ते एलएलबी आहेत, पण सनद नाही. गावातले म्हणतात, पदवी आहे म्हणजे वकीलच की. तसं असतं का? तक्रार कुठे करायची? मावशी फार घाबरली आहे, कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
ताई, सनद नाही म्हणजे वकील नाही, पदवी कितीही खरी असो. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ४५ प्रमाणे हक्क नसताना वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. मात्र ते कलम प्रत्यक्ष वकिली करण्याबद्दल आहे. तुमच्याकडे मुख्य मुद्दा फसवून घेतलेल्या पैशांचा. तोतयेगिरीने फसवणूक, भारतीय न्याय संहिता कलम ३१९, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. पैसे १ जुलै २०२४ पूर्वी दिले असतील तर जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम ४१९. आधी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे लेखी अर्ज करून त्या नावाची नोंदणी आहे का ते विचारा. ऐकीव माहितीवर पोलिसांत जाऊ नका. यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲप जपून ठेवा.

प्रतिसाद:
दावा खरंच दाखल झालाय का, हे आजच ई-कोर्ट्सच्या साइटवर मावशींच्या नावाने शोधा. सातबारा, फेरफार वगैरे त्यांच्याकडे दिले असतील तर परत मागा. नव्या वकिलाच्या फीची काळजी नको. तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो आणि महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

धागाकर्ती:
मनापासून आभार. साइटवर दावा सापडत नाही. शिवाय मावशी आता सांगते की त्यांनी कोऱ्या स्टॅम्पपेपरवर तिची सही घेतली आहे. त्याचं काय करावं?

प्रतिसाद:
मग थांबू नका. तक्रारीत कोऱ्या सहीचा मुद्दा ठळक लिहा, अंदाजे तारीख आणि तेव्हा हजर असलेल्यांची नावं द्या. पोलिसांकडून पोच घ्या. उद्या त्या कागदावर खरेदीखत किंवा हक्कसोड लिहून आणलं, तर ही आधीची तक्रारच मावशींच्या कामी येईल.