जुनी गाडी रिस्टोअर केलीत, मग रंग कसा ठरवलात? अनुभव लिहा

मंडळी, आमच्याकडे वडिलांची 1978ची प्रीमियर पद्मिनी आहे. पत्र्याचं काम आत्ताच संपलं, फ्लोअर नवीन घातला, दोन्ही रॉकर (दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्या) कापून बदलले, आता गाडी प्रायमरवर उभी आहे आणि घरात रोज एकच विषय, रंग कुठला. बाबांना होता तोच हवाय, आईला पांढरा हवाय, मुलगी म्हणते टप वेगळ्या रंगाचा करू. आरसी बुकात नुसतं 'ग्रे' लिहिलंय आणि ग्रे तर ढिगाने असतात. माझा स्वतःचा कल कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तशीच करायचा आहे, पण गाडी घरातल्या सगळ्यांची आहे. तर ज्यांनी हे केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा, मूळ रंग की नवीन, एकरंगी की टू-टोन, आणि घरच्यांचं एकमत कसं झालं.

डोंबिवलीहून, डुक्कर फियाटवाला

दादा, मूळ रंग लावायचा की नाही हे नंतर, आधी तो शोधा तरी. बाहेरच्या पत्र्यावर आता काही मिळणार नाही, पण ग्लोव्ह बॉक्स काढून त्याच्या मागे बघा, दाराचं पॅड काढून आत बघा, डिकीच्या बिजागरीखाली बघा. हजार-बाराशे नंबरचा वॉटर पेपर घ्यायचा, पाणी मारत एकाच जागी हळूहळू गोल घासायचं, एकेक थर कड्यासारखा उघडत जातो. आमच्या गाडीत वर पांढरा, त्याखाली मरून, त्याखाली कोणीतरी ब्रशने मारल्यासारखा जाड निळा आणि सगळ्यात तळाशी फिकट पिस्ता निघाला, तो बघून आमचे काका रडायचेच बाकी होते कारण त्यांच्या लहानपणची गाडी तीच. तो तुकडा दुकानात मशीनवर स्कॅन करायच्या आधी कंपाउंड लावून चमकवून घ्या हं, वरचा पांढुरका झालेला थर तसाच ठेवला तर शेड एक-दोन पायऱ्या फिकटच येते.

कोल्हापूर, ॲम्बॅसेडर मार्क 2

आमची पांढरी होती. पांढरी ॲम्बॅसेडर गावात शिरली की लोक आधी साहेब आले म्हणून बघतात, आजोबांची गाडी सरकारी वाटायला नको हे सगळ्यांचंच मत होतं, म्हणून काळा ठरला. पण काळा म्हणजे पत्र्याची परीक्षा. फिकट रंगात जे खपून जातं ते काळ्यात दहा फुटांवरून दिसतं, दारावर ट्यूबलाईटची रेघ पडली आणि ती वाकडी दिसली की संपलं. आमच्या मिस्त्रींनी प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारला, गाइड कोट म्हणतात त्याला, मग लांब लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासलं. उंच जागेवरचा काळा लगेच जातो, खळग्यातला तसाच राहतो, म्हणजे लांबी, खळगे बुजवायची पुट्टी, कुठे भरायची ते डोळ्याला दिसतं. डाव्या मागच्या मडगार्डावर हे किती वेळा केलं विचारू नका. खर्च यातच जातो, डब्यातल्या रंगात नाही. मेहनत करायची तयारी नसेल तर काळा, गडद निळा, बॉटल ग्रीन याच्या वाट्याला जाऊ नका.

नाशिक, विलीज जीप

थोडक्यात सांगतो. जीप म्हटलं की सगळ्यांना मिलिटरी हिरवा हवा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, खाजगी गाडीला चालत नाही. आम्ही वाळूसारखा बेज लावला, चाकांच्या रिमसुद्धा त्याच रंगात. फार देखणी दिसते.

पुण्याची एक हेराल्डप्रेमी

मी टू-टोन केलंय, खाली गडद लाल आणि टप क्रीम, आणि परत करायची वेळ आली तर हेच करेन. हेराल्डचं बोनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढे उलटतं, त्यामुळे उघडलं की इंजिनाची सगळी जागा लोकांसमोर येते, म्हणून आतला रंगही बाहेरचाच हवा, तिथे काळा मारून वेळ मारून नेता येत नाही. शेड कार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनावरून कृपया काही ठरवू नका. आम्ही भंगारातून एक जुना मडगार्ड आणला, गोलाईवर रंग वेगळाच दिसतो म्हणून मुद्दाम मडगार्ड, त्यावर तीन शेड मारून घेतल्या आणि तो अंगणात ठेवून दिला. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी, रात्री ट्यूबखाली, घरातला प्रत्येक जण येताजाता बघत होता. जो लाल मला दुकानात आवडला होता तो उन्हात चक्क केशरी मारत होता! एकमतही त्या मडगार्डानेच झालं, सासूबाईंनी बोट ठेवलं तो सगळ्यांनाच पटला. आणि सीटचं कापड आधी ठरवा, रंग मग. रंग कुठलाही मिक्स करून मिळतो, रेक्झिन मिळेल त्यातूनच निवडावं लागतं.

पद्मिनीला टू-टोन करणार असाल तर काळा-पिवळा सोडून काहीही करा, मुंबईत लोक हात दाखवून थांबवतील.

न्यू जर्सीहून, 1965 मस्टँग

इकडे काम सोपं आहे, ड्रायव्हरच्या दारावरच्या पत्र्याच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, एम म्हणजे विम्बल्डन व्हाइट, जे म्हणजे रंगून रेड, एच म्हणजे कॅस्पियन ब्लू. पण दार बदललेलं असू शकतं, म्हणून पट्टीवर विसंबू नका, आतला रंगही ताडून बघा. माझी पांढरी निघाली, मला निळी हवी होती, शेवटी पांढरीच ठेवली कारण गाडी 1965पासून पांढरी आहे आणि माझ्याकडे आत्ता आली. हा माझा हिशोब, प्रत्येकाला पटेलच असं नाही.

रत्नागिरी, काम करणारा माणूस

मी स्वतः रंगाची स्प्रे गन धरतो म्हणून लिहितो. जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, ज्याला सगळे ड्यूको म्हणतात, त्याची चमक मऊ असते, जुन्या गाडीवर शोभते, पण दमट हवेत मारला की दुधासारखा पांढरा पडतो, पावसात हात लावू नये. आता बहुतेक जण पीयू (पॉलीयुरेथेन) मारतात, टिकतो चांगला. पीयूच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक व्हायला मिसळतात त्यात, आयसोसायनेट नावाचं घातक रसायन असतं, रुमाल बांधून मारणाऱ्या पोराला तो प्रकार करू देऊ नका, नीट हवा पुरवणारा मास्क पाहिजे, दमा लागतो माणसाला. आणि 60-70च्या दशकातल्या गाडीवर मेटॅलिक नको, मला अजिबात आवडत नाही. क्लिअर कोटशिवाय, म्हणजे वरच्या पारदर्शक थराशिवाय, सॉलिड रंग मारून हाताने पॉलिश करा, बघा कशी दिसते.

परत मीच, धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्लोव्ह बॉक्समागे घासून बघितलं, ग्रे निघाला पण निळसर झाक असलेला, बाबा म्हणाले हाच. आई अजून पांढऱ्यावर ठाम आहे, त्यामुळे ताईंनी सांगितलं तसा मडगार्ड शोधतोय. व्हिंटेज नोंदणीचं कोणाला माहीत आहे का?

डोंबिवलीहून, डुक्कर फियाटवाला

व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, 2021चा नियम आहे, पण पहिल्या नोंदणीला 50 वर्षं होऊन गेलेली हवीत, तुमची अजून बसत नाही. बसली तरी विचार करा, त्या नंबरवर गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर काढता येत नाही. ग्रे सोडून दुसरा रंग ठरला तर आरटीओत आरसीवर बदलून घ्या. आणि रंग मिक्स करून आणाल तेव्हा फॉर्म्युल्याची स्लिप मागून घ्या, अर्धा लिटर जास्तीचा बनवून घट्ट झाकून ठेवा, पहिला ओरखडा पडला की लागेल.