आधी चिमटी घेऊन पाहा
वरती ताईंनी विचारलंय, दुसऱ्या बाळंतपणानंतरच्या पोटाची चरबी मशीनने गोठवून घ्यावी की सरळ लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी शोषून काढायचं ऑपरेशन, करावं? आमच्या इंदूरलाही ‘बिना ऑपरेशन’वाल्या जाहिराती कमी नाहीत, म्हणून लिहितेय.

आधी उभं राहून पोटाची चिमटी घ्या. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. दोन्ही उपाय फक्त तिच्यावरच. आमच्या भावजींसारखी टणक ढेरी असेल, तर ती चरबी आत, आतड्यांभोवती. तिथे पैसे घालवू नका.

गोठवण्याने एका बैठकीत त्या जागचा थर साधारण 20-25 टक्के उतरतो, तोही दिसायला 2-3 महिने. क्वचित उलटंच होतं: चरबी वाढून तिथे घट्ट फुगवटा येतो आणि शेवटी लायपोसक्शनच करावं लागतं. हे पॅकेज विकताना सांगतात का, विचारून बघा!

लायपोसक्शनने फरक जास्त पडतो, पण भूल, सूज आणि काही आठवडे घट्ट पट्टा आलाच. कातडी लोंबत असेल किंवा पोटाचे स्नायू फाकले असतील, तर मात्र दोन्ही बाद. टमी टकबद्दल, म्हणजे जादा कातडी कापून स्नायू शिवायच्या ऑपरेशनबद्दल, प्लास्टिक सर्जनशीच बोला. आणखी मूल हवं असेल तर तूर्त थांबाच. आणि हो, आमच्या सराफ्यातल्या खाऊबाजारासारखी रात्रीची खादाडी चालूच राहिली तर उरलेल्या चरबीच्या पेशी फुगतातच.