सूर उतरतो तो नेहमी गायकांमुळेच नाही

वाद्याची साथ नसलेला गायकवृंद गाण्याच्या शेवटी मूळ सुरापेक्षा खाली उतरतो म्हणजे गायक कच्चे, असं सर्रास म्हटलं जातं. बऱ्याचदा ते खरंही असतं. दम अपुरा पडतो, उतरता स्वर जरा जास्तच खाली जातो. पण कधीकधी दोष चक्क रचनेत असतो, आणि मग जितके सुरेल गायक तितकं गाणं जास्त सरकतं!

सा, ध, रे, प आणि परत सा, अशा क्रमाने खर्जाचा आवाज चालतोय आणि त्यावर बाकीचे आवाज स्वरमेळ (एकाच वेळी गायलेले स्वर, म्हणजे कॉर्ड) भरतायत असं समजा. एका मेळातून दुसऱ्यात जाताना जो स्वर दोन्हींत आहे तो गायकाने तसाच धरून ठेवला आणि बाकीच्यांनी त्याच्याशी काटेकोर शुद्ध अंतर (३:२, ५:४ अशा साध्या गुणोत्तराचं) जुळवलं, तर परत येणारा सा मूळच्या कंपनसंख्येच्या ८०/८१ पटीवर येतो, म्हणजे सुमारे २१.५ सेंट खाली (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर). असं पाचेक वेळा झालं की अर्धा स्वर गेलाच. बेनेदेत्ती या इटालियन गणितज्ञाने सोळाव्या शतकातच हे आकडे मांडून दाखवले होते (१५८५ च्या ग्रंथात छापलेत). पियानोसोबत हे होत नाही, कारण तिथे अंतरं आधीच तडजोडीची असतात. त्याचा गंधारच शुद्धपेक्षा जवळपास १४ सेंट चढा. मुरलेला वृंद यावर उपाय करतो तो असा, की धरलेला स्वर मेळ बदलताना केसभर वर घेतो. तालमीत त्या जागा कागदावर खुणा करून ठेवाव्यात. नुसतं ‘सूर सांभाळा’ ओरडून काही होत नाही.