स्पिटफायरचं नाक डोलतं आणि दोन वळणांत वेग संपतो, काय चुकतंय?

तिरपागडा:
डीसीएस या विमान-सिम्युलेटर गेममध्ये स्पिटफायर एलएफ मार्क ९ उडवतो, समोर बहुतेक वेळा जर्मन लढाऊ विमान बीएफ १०९ के-४. स्टिक साधी, मूठ पिळून रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं सुकाणू) देणारी. नेम धरताना नाक वर-खाली डोलतं. वळण ताणलं की दोन चकरांत वेग ताशी ३०० मैलांवरून १५० वर येतो आणि १०९ निवांत वर निघून जातं. आणखी ओढलं तर गिरकी. स्टिकच्या प्रतिसादाचा कर्व्ह किती ठेवू? की घोळ हातातच आहे?

शेपूटचाक:
दोन्हीकडे आहे. उजवं कंट्रोल आणि एंटर दाबलं की स्टिक-रडरची चौकट पडद्यावर येते. ती चालू ठेवून एक कडक वळण घ्या. ओढताना मनगट वळतं आणि नकळत रडर लागतो, ते तिथे दिसेल. गिरकीचं कारण बहुधा तेच: स्टॉलच्या (पंखांची उचल तुटण्याच्या) काठावर बॉल (विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारी गोळी) मध्यावर नसला की एक पंख आधी पडतो. पिळाच्या अक्षाला ६ ते ८ डेडझोन (मध्यावरची निष्क्रिय जागा) द्या. पिच (नाक वर-खाली) आणि रोलला (पंख कलणं) मात्र शून्य, फार तर १. तिथे डेडझोन वाढवला की मधली मेलेली जागा ओलांडताना हात जास्त जातो आणि नाक पुन्हा डोलतं.

पिचचा कर्व्ह १५ ते २०. या विमानाचा एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) फार हलका, म्हणून मधला भाग मऊ हवा. पण ३० च्या पुढे गेलात तर टोकाचा भाग तिखट होतो, आणि वळणात हात नेमका तिकडेच असतो. सॅच्युरेशन (अक्षाची कमाल मर्यादा) कापू नका. तीन चाकांवर टेकताना पूर्ण एलिव्हेटर लागतो.

मग ट्रिम, म्हणजे स्टिकवर जोर न देता विमान स्थिर ठेवणारी जुळणी. लढाईच्या वेगाला, समजा २५० ला, स्टिक सोडली तरी नाक जागेवर राहायला हवं. स्टिक सतत दाबून धरलेली असेल तर बारीक नेम लागणारच नाही.

घार:
कर्व्हने नेम सुधारेल, वेग नाही. हिशेब बघा: वेग उंचीत बदलला तर ३०० मैल म्हणजे साधारण ३,००० फूट, १५० म्हणजे ७५०. त्या दोन चकरांत तुम्ही सव्वादोन हजार फूट उधळले. +१८ बूस्ट (इंजिनात भरलेल्या हवेचा दाब) आणि ३,००० आरपीएमवर ते परत कमवायला अर्धं मिनिट जातं, आणि ती ताकद सलग पाच मिनिटांपुरतीच.

शिवाय स्टॉलचा वेग जी च्या (वळणातला भार, गुरुत्वाच्या पटीत) वर्गमुळाच्या पटीत वाढतो. स्पिटफायर सरळ उडताना साधारण ९० ला स्टॉल होतं, ४ जी ला १८०, ६ जी ला २२०. म्हणजे १५० वर ३ जी सुद्धा मिळत नाही, ओढाल तेवढा नुसता ड्रॅग (हवेचा अडथळा). थरथर सुरू झाली की स्टिक केसभर सैल करा.

सराव: ५,००० फूट, +७ बूस्ट, २,६५० आरपीएम, ६० अंश कलून २ जी चं वळण. पूर्ण चकरेत उंची १०० फुटांच्या आत, बॉल मध्ये. जमलं की ७० अंश, जवळपास ३ जी. दोन्ही बाजूंना करा. नंतर टॅकव्ह्यू या उड्डाणाची नोंद दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जी चा आलेख बघा. करवतीसारखा दातेरी असेल तर हात अजून झटके देतोय.

वळणदार:
घार, मान्य, पण वेग राखणं हा धर्म नव्हे. समोरचा नेमात येत असेल तर खुशाल खर्च करा. फक्त त्याचा जोडीदार कुठे आहे ते आधी बघा.

तिरपागडा:
आणि १०९ वर चढलं की?

घार:
मागे चढू नका. तो वरून लोंबकळणाऱ्या स्पिटफायरचीच वाट बघतो. त्याच्याखाली सपाट, सैल वळणात राहून वेग २५० च्या वर न्या, नजर त्याच्यावरच. तो सूर मारून आला की माऱ्याच्या टप्प्यात येण्याआधी आडवं वळा, तेव्हा ५-६ जी खुशाल वापरा. जास्त वेगात १०९ चा एलिव्हेटर जड होतो, तेवढं कडक वळण त्याला जमत नाही आणि तो पुढे निघून जातो. मग उलट वळून गोळीबाराला दोनएक सेकंद मिळतात. नाही साधलं तर पाठलाग नको, पुन्हा वेग गोळा करा.