अनुभव धागा: प्रवरेचा साखरपट्टा – पाट, फड, काटा आणि गाव

श्रीरामपूर, हरेगाव, बेलापूर, लोणी, प्रवरानगर. नगर जिल्ह्यातला प्रवरा नदीकाठचा हा उसाचा पट्टा. या पट्ट्याविषयी बोलताना एक तर सहकाराची आरती होते नाहीतर साखरसम्राटांचा उद्धार. हे गाव प्रत्यक्षात चालतं कसं, ते राहून जातं. म्हणून हा धागा. ज्यांनी पाट (कालवा), फड (तोडीचं उसाचं शेत), कारखाना जवळून पाहिलाय त्यांनी लिहावं. स्वतःची कहाणी नको. मापं, पद्धत आणि कुठे काय बिघडतं ते सांगा. राजकारणासाठी दुसरे धागे आहेत.

बेलापूर रोड

सुरुवात पाण्यापासून करू. भंडारदरा धरण १९२६ ला पूर्ण झालं, साठा सुमारे ११ टीएमसी (अब्ज घनफूट). धरणातून पाणी नदीत सोडतात, ते खाली संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्यावर अडवून डाव्या-उजव्या कालव्यात घेतात. या पाण्याच्या भरवशावरच बेलापूर कंपनी इथे आली आणि हरेगावला साखर कारखाना उभा राहिला. कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या होत्या. १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आल्यावर खाजगी कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या, आणि १९६३ ला शेती महामंडळ झालं. मूळ मालक म्हणजे आपले खंडकरी. त्यांचा लढा कित्येक दशकं चालला. आज या भागात जमीन घेणाऱ्याने सात-बारावर 'भोगवटादार वर्ग २' अशी नोंद आहे का ते आधी बघावं. ती असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही, आणि इसार देऊन अडकलेले लोक तालुक्यात भरपूर सापडतील.

पाटकरी

धरणात पाणी आहे म्हणजे चारीला (कालव्याच्या शेतापर्यंतच्या फाट्याला) पाणी आहे असं नसतं. आवर्तन (कालव्याला पाणी सोडायची पाळी) जाहीर झालं की पाणी मागणीचा नमुना नंबर ७ भरायचा. थकबाकी असेल तर तो अडतो. मग शेजपाळी, म्हणजे शेतकऱ्यांची पाणी घ्यायची क्रमवारी, लागते. तिचा साधा नियम असा की पुच्छाकडून मुखाकडे भिजवत यायचं, म्हणजे टेलच्या (चारीच्या शेवटच्या) माणसाला आधी पाणी मिळतं. वरच्याने रात्री दार उचललं की हा नियम बुडतो. वरचा ऊस पिवळा पडेपर्यंत पाणी पितो आणि खालचा वाळतो.

उसाला उन्हाळ्यात ८-१० दिवसांनी आणि हिवाळ्यात १८-२० दिवसांनी पाणी लागतं. आवर्तनातलं अंतर त्याहून जास्त असतं. मधली पाळी विहिरीवर काढायची, आणि विहिरीला पाणी येतं तेही पाटाच्याच पाझराने. त्यामुळे एक आवर्तन हुकलं तर पाट आणि विहीर दोन्ही जातात. २००५ च्या कायद्यानंतर समन्यायी वाटप, म्हणजे वरच्या-खालच्या धरणांत पाण्याची न्याय्य वाटणी, आलं. खाली पैठणला असलेल्या जायकवाडी धरणाचा साठा ऑक्टोबरच्या मध्याला ६५ टक्क्यांच्या खाली असला की वरून पाणी सोडायचा प्रश्न येतो. आपल्याकडे कुणालाही विचारा, पाऊस नगरला किती झाला हे आधी सांगणार नाही. पैठणला किती टक्के भरलं ते सांगेल!

चोपण-खारवट

पाटकरींनी पाणी कमी पडल्याचं लिहिलं, मी जास्त झाल्याचं लिहितो. शंभर वर्षं पाट वाहिल्यावर सखल भागात जमिनी बिघडल्या. यात दोन प्रकार आहेत आणि लोक गल्लत करतात. वर पांढरा थर दिसला की ती खारवट. ओली असताना चिकट आणि वाळली की दगडासारखी कडक, सामू (पीएच) ८.५ च्या वर, ती चोपण. खारवटला चर काढून निचरा करा आणि गोड्या पाण्याने क्षार धुवा. चोपणला माती तपासून निघेल तेवढा जिप्सम लागतो. पण चर न काढता जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला मोकळा करतं, आणि तो पाण्याबरोबर बाहेर गेलाच पाहिजे. वाट नसेल तर तिथेच बसतो. मध्ये धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) घेऊन फुलोऱ्याआधी गाडावा. उसाची जात फुले २६५, ही खारवटीत तग धरते. मात्र ती उशिरा पक्व होते. डिसेंबरात तोडली तर वजन मिळतं पण उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं टक्केवारीतलं प्रमाण) पडतो, म्हणून कारखाना तिला मागे ढकलतो.

खोडवा मास्तर

लागणीवर सगळे बोलतात, खोडव्यावर (तोडीनंतर बुडख्यांतून फुटणाऱ्या पिकावर) कुणी नाही. लागणीचे हंगाम थोडक्यात: 'सुरू' जानेवारी-फेब्रुवारी, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबर, आडसाली जुलै-ऑगस्ट. बेणं ९ ते ११ महिन्यांचं, बेणेमळ्यातलं. दोन डोळ्यांची टिपरी एकरी १० हजार पुरते. १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम घेऊन त्यात टिपरी १० मिनिटं बुडवायची. खोडव्याचंच बेणं वापरत राहिलं की काणी आणि गवताळ वाढ हे रोग ठरलेले.

आता खोडवा. तोडणी झाली की पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवायचं नाही. हेक्टरी ८-१० टन पाचट मिळतं. ते सरीत दाबायचं, बुडख्यांवरून बाजूला घ्यायचं. वर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्यायचं. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीबरोबर छाटायचे. उंच राहिले की डोळे वरून फुटतात, मुळं वरच राहतात आणि ऊस लोळतो. खत फोकू नये. पहारीने १५-२० सेंमी खोल, फुटाफुटावर भोकं घेऊन द्यावं. पहिली मात्रा पंधरा दिवसांत. इथे बहुतेक जण महिना घालवतात, कारण तोवर तोडीचं बिल हातात आलेलं नसतं.

मुकादमाचा कारकून

तोडीविषयी शहरातल्या लोकांना फार कमी माहीत असतं. एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. टोळ्या बीड, पाथर्डी, जामखेडकडून येतात. उचल (आगाऊ रक्कम) पावसाळ्यातच घेतलेली असते, मुकादमामार्फत, आणि ती हंगामभर तोडीतून फिटते किंवा फिटत नाही. मधला पैसा मुकादमाच्या हातात, त्यामुळे हिशेबही त्याच्याच वहीत. डोकी सेंटरवाले मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये भरतात, तर गाडी सेंटरवाले बैलगाडीने कारखान्याजवळचा ऊस ओढतात. बाया पहाटे फडात जातात, मागे कोपीवर (झोपडीवर) लहान भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी. साखरशाळा (तोडणी मजुरांच्या मुलांसाठीच्या शाळा) कागदावर खूप झाल्या. मूल नोव्हेंबरात गाव सोडतं आणि एप्रिलात परततं, म्हणजे परीक्षेचा हंगाम आणि तोडीचा हंगाम एकच. कारखान्याच्या कौतुकात हा भाग गाळू नका.

शेतकऱ्याने फडात उभं राहून दोनच गोष्टी बघाव्यात. तोड जमिनीलगत होते का, कारण बुडख्याकडच्या कांड्यात साखर सर्वांत जास्त. आणि शेंड्याचं वाढं नीट मोडलं का.

पॅन हाऊस

ऊस तुटला की घड्याळ सुरू होतं. २४ तासांत गव्हाणीत (ऊस गिरणीकडे नेणाऱ्या पट्ट्यावर) पडला तर ठीक. पुढे वजन घटतं आणि सुक्रोजचं ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये रूपांतर होतं. त्याचे स्फटिक होत नाहीत, ते मळीत जातं. जळीत उसाला हे आणखी लवकर होतं, म्हणून त्याच्या दरात कपात. गिरणीतून निघालेला रस आम्लधर्मी असतो. त्याला चुना आणि गंधकाचा धूर देऊन सामू सातच्या आसपास आणतात. चुना कमी पडला तर साखर फुटते, जास्त झाला तर रंग येतो. रस मग बाष्पीभवनात घट्ट करून पॅनमध्ये दाणा धरतात. १०० टन उसामागे साधारण २८-३० टन बगॅस (चिपाड, बॉयलरचं जळण) आणि ४ टन मळी निघते. बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं. ते वाढलं की बॉयलरची वाफ पडते आणि गिरणी थांबते, गेटवर गाड्यांची रांग लागते.

भरलेला काटा

पैशाचा हिशेब मी देतो. २०२५-२६ ची एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, पुढच्या दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जास्त. उतारा ११.२५ असेल तर टनाला ३,८९६ रुपये. हा दर गेटपर्यंतचा आहे, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. मग सोसायटीच्या कर्जाची वसुली, मग उरलं ते खात्यात. १४ दिवसांत पैसे दिले नाहीत तर १५ टक्के व्याज लागू आहे, मागणारा विरळा. पावतीवर गट नंबर, जात, लागण की खोडवा आणि दोन्ही वजनं (भरल्या आणि रिकाम्या गाडीची) तिथेच तपासा.

लोणीकर

@बेलापूर रोड, कंपनीनंतरचं राहिलं. प्रवरेचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, रोजची क्षमता ५०० टन. पुढाकार विठ्ठलराव विखे पाटलांचा, पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ. अर्थशास्त्रज्ञ अध्यक्ष आणि शेतकरी सभासद ही जोडी पुढे फार कमी ठिकाणी जमली, हे माझं मत. १९६४ ला शिक्षण संस्था निघाली.

गावाचं वर्षही कारखान्याप्रमाणे हलतं. सप्टेंबरात सर्वसाधारण सभा, त्याच सुमारास हरेगावला मतमाऊलीची यात्रा. तिला ख्रिस्ती भाविक लांबलांबून येतात आणि इतर धर्माचेही नवस फेडतात. दसऱ्याला बॉयलर पेटतो, दिवाळीला सभासदांना सवलतीची साखर, मग गव्हाणीत मोळी पडते. साखर घ्यायला जाताना सभासद कार्ड न्या. वारसनोंद झाली नसेल तर वडिलांच्या नावाची साखर मिळत नाही. त्यासाठी मृत्यू दाखला, वारसांचं संमतिपत्र आणि मूळ शेअर सर्टिफिकेट शेअर विभागात द्या, सभेच्या आधी.