सायकलीचा चिमटा बदलताना आटे मोजावेत
सायकलीचा वाकलेला चिमटा (पुढचे चाक धरणारा दुहेरी भाग) तापवून सरळ करण्यापेक्षा बदलावा, हे मत मला मान्य आहे. मात्र ‘एक इंची नळीचा (चिमट्याच्या वरच्या, हँडलकडच्या नळीचा) कोणताही चिमटा चालतो’ हे विधान रॅले या इंग्लिश कंपनीच्या जुन्या सायकलींच्या बाबतीत फसवे आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला बनलेल्या बहुतेक रॅलेंच्या चिमट्याच्या नळीवर इंचाला 26 आटे असतात, इतर सायकलींवर सहसा 24. माझ्या रॅले सायकलीवर 24 आट्यांची वरची वाटी (नळीवर फिरवून छर्‍यांवर बसवायचा भाग) दोन फेरे हाताने सहज फिरली, मग अडली. कारागिराने (घाई माझीच होती) ती पान्याने रेटली, तेव्हा नळीवरून लोखंडाचा चकचकीत कीस निघाला आणि आटे गेले. त्यामुळे चिमट्यासोबत त्याच्याच वाट्या घ्याव्यात, आणि हँडलच्या दांड्याची पाचर आट्यांच्या खाली, जाड नळीतच आवळावी, कारण आट्यांपाशी नळी पातळ असते आणि तिथेच तडकते.